लेकरांना सांगायची हार

नांदेड-लातूरकडच्या ख्रिस्ती घरांत रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला बेतशीर स्तोत्रं काढतात. तेविसावं, एकशे एकविसावं, घरात आजारपण असेल तर एक्क्याण्णवावं. आसाफाचं अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र सहसा कोणी काढत नाही. कारण उघड आहे, त्याची वचनं बहात्तर. एकशे एकोणिसावं सोडलं तर अख्ख्या स्तोत्रसंहितेत एवढं लांब दुसरं नाही. शब्बाथ शाळेत यातलं चौथं वचन तेवढं पाठ करून घेतात. वाडवडिलांकडून ऐकलेलं लेकरांपासून लपवायचं नाही, परमेश्वराची थोरवी पुढच्या पिढीला सांगायची, असा त्याचा आशय. फळ्यावर लिहायला, कार्डावर छापायला, नाताळाच्या कार्यक्रमात एका दमात म्हणायला ते सोयीचं आहे. माझी तक्रार एवढीच की चौथ्यावर थांबणाऱ्याला आठवं वचन भेटत नाही, आणि या रचनेचा सगळा डंख आठव्यात आहे.

आसाफ हा परंपरेनुसार दाविदाच्या काळातल्या लेवी गवयांचा प्रमुख. बारा स्तोत्रं त्याच्या नावावर आहेत. गवयाला साजेशीच त्याची सुरुवात आहे. तो आधी श्रोत्यांचे कान मागतो, मग मी दृष्टांत सांगणार, प्राचीन काळची गूढं उकलणार असं जाहीर करतो. पुढे ऐकावं तर मिसरातून सुटका, समुद्र दुभंगणं, रानातला मान्ना, म्हणजे त्याच्या श्रोत्यांना बाळपणापासून तोंडपाठ असलेली कथा. मग यात गूढ कुठलं? हा प्रश्न तो मोकळाच सोडतो. मत्तयाने हेच दुसरं वचन पुढे येशूच्या दृष्टांतांविषयी वापरलं, तेव्हा त्यालाही हा आडपडदा जाणवला असावा.

मराठी वाचकाला या स्तोत्राचा बांधा अनोळखी वाटायला नको. पहिली आठ वचनं पूर्वरंग, उरलेली चौसष्ट आख्यान. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा बायबलातल्या कथा त्यांना कीर्तनात बसवून घ्याव्या लागल्या. हे स्तोत्र जन्मतःच कीर्तन आहे. पूर्वरंगात सिद्धान्त मांडायचा आणि आख्यानात तो एखाद्या भक्ताच्या चरित्राने सिद्ध करायचा, ही आपली रीत. आसाफ ती पाळतो, फक्त त्याच्या आख्यानात भक्त जवळजवळ सापडतच नाही.

पूर्वरंगातली क्रियापदं पाहावीत. ऐकलं, जाणलं, वडिलांनी सांगितलं. मग निश्चय: लपवणार नाही, सांगू. मग हुकूम: देवाने वडिलांना बजावलं की लेकरांना कळवा. आणि मग हेतू: पुढल्यांना कळावं, त्यांनी उठावं आणि आपापल्या लेकरांना सांगावं. तिसऱ्यापासून सहाव्या वचनापर्यंत, एवढ्याशा जागेत पाच पिढ्या येऊन जातात. वडील, आपण, आपली लेकरं, अजून जन्माला न आलेली लेकरं, आणि त्यांची लेकरं. न जन्मलेल्यांना श्रोत्यांत धरणारा कवी मला फार धीट वाटतो. पाचव्या पिढीनंतर तो काही बोलत नाही, कारण तिथवर सांगणं पोचलं तर पुढचं पाचवी पिढी बघून घेईल.

सातव्यात तीन अपेक्षा येतात. देवावर भरवसा ठेवावा, त्याची कृत्यं विसरू नयेत, आज्ञा पाळाव्यात. इथवर कोणत्याही धर्मातली आजी मान डोलावेल. आणि मग आठवं वचन: हे सगळं कशासाठी, तर लेकरं आपल्या वाडवडिलांसारखी होऊ नयेत म्हणून. ते हट्टी होते, बंडखोर होते, त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं.

आपल्याकडे आशीर्वाद असतो घराण्याचं नाव काढण्याचा. कुळाचा पोवाडा गातात, पूर्वजाच्या चुका श्राद्धाच्या पानात कोणी वाढत नाही. आसाफ वडिलांचा वारसा म्हणून नातवंडांपुढे ठेवतो तो वडिलांच्या विसराळूपणाचा पंचनामा. धर्म पुढच्या पिढीकडे सोपवण्याविषयी जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातल्या बहुतेकांत सांगणारा उंच आसनावर बसलेला असतो. इथे तो खाली उतरून बसला आहे. आमच्यासारखं वागू नका, असं म्हणायला ज्येष्ठाला जी ताकद लागते ती आज्ञा करायला लागत नाही.

या आठ वचनांपाशी मराठी ख्रिस्ती वाचकाची एक खास अडचण होते. आमच्या वडिलांनी आम्हांला सांगितलं, असं तिसरं वचन म्हणतं. कोणाच्या वडिलांनी? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरातली एखादी पणजी पहिल्यांदा हे वाचत असेल, किंवा वाचता येत नसेल म्हणून पाळकांकडून ऐकत असेल, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं ते खंडोबाचं, मरीआईचं, विठोबाचं. याकोब आणि योसेफ तिच्या गणगोतात कुठेच नव्हते. तिला हे पूर्वज उसने घ्यावे लागले. स्तोत्र म्हणता म्हणता तिने एका परक्या लोकांचे वडील आपले मानले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बंडखोरीही पदरात घेतली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी मला नेहमी आठवतं. त्यांचं संस्कृत आईच्या तोंडून आलेलं. लक्ष्मीबाई डोंगरे स्वतः शिकलेल्या, आणि भागवताचे हजारो श्लोक लेकीला त्यांनी पाठ करवून घेतले. १८७४च्या दुष्काळात आईवडील दोघंही गेले. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या याच लेकीने पुढे केडगावला मुक्ती सदनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायाबापड्यांना कळावं हा त्यांचा आग्रह होता, आणि सदनातल्या मुलींनीच छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. आईने जिभेवर बसवलेल्या शिस्तीतून लेकीचं बायबल आलं. ग्रंथ बदलला, शिकवण्याची रीत तीच राहिली. एकुलती मुलगी मनोरमा हिने निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली, त्याच राज्यात तेव्हा नांदेडही होतं. ती १९२१मध्ये वारली, रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये, आणि बायबल प्रसिद्ध झालं १९२४मध्ये. त्यांच्या घरात नातवंड आलंच नाही. ज्या मुलींनी खिळे जुळवले त्यांच्या लेकरांकडे ते सांगणं गेलं, आणि आसाफाच्या हिशेबात हे बसतं, कारण त्याच्या पाच पिढ्यांत रक्ताचा उल्लेख सूचक आहे, अट म्हणून नाही.

टिळकांच्या घरात साखळी जास्त सरळ दिसते. नारायण वामन टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले, पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मुलगा देवदत्त लेखक-संपादक झाला, आणि नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. तिसरं वचन खऱ्या अर्थाने म्हणायचा हक्क या घरात पहिल्यांदा त्या नातवाला पोचला. मराठी ख्रिस्ती समाजाविषयी माझं मत असं की हे स्तोत्र मुळात नातवंडांचंच आहे. आजोबा ते आगाऊ म्हणून ठेवतात. आणि 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी काय केलं? नवऱ्याचा संताप, त्याचा विसरभोळेपणा, घरातले फजितीचे प्रसंग, स्वतःचा सोवळेपणाचा अट्टाहास, काही म्हणता काही झाकलं नाही. संताची पत्नी म्हणून त्यांना सहज चांदीचं मखर करता आलं असतं. आठव्या वचनाशी इतकं इमान राखणारं मराठी गद्य दुसरं मला माहीत नाही.

स्तोत्रात एक गोष्ट खटकते: वडील आहेत, आई-आजी नाहीत. ती उणीव पौलाने भरून काढली. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आधी आजी लोईस हिचं नाव घेतो, मग आई युनीके हिचं. नव्या करारात आजीचा उल्लेख तेवढा एकदाच येतो. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, प्रेषितांची कृत्यं हे नोंदवतं आणि त्याच्याविषयी पुढे मौन पाळतं. लातूर-उदगीरकडे कुणा घरात बाप देवळातही जात नाही आणि चर्चमध्येही येत नाही, अन् लेकरांना वचन शिकवायला आज्जी बसते, तिथे हे मौन ओळखीचं वाटेल.

आता आख्यान. ते सरळ चालत नाही, हे त्याचं पहिलं लक्षण. समुद्र दुभंगला, खडकातून पाणी निघालं, लोक कुरकुरले, मान्ना पडला, पक्षी पडले, कोप झाला, पश्चात्ताप झाला, पुन्हा बंड. एवढं झाल्यावर त्रेचाळिसाव्या वचनाच्या सुमारास कवी एकदम मागे मिसरात जातो आणि तिथल्या पीडा सांगू लागतो. इतिहासाच्या पुस्तकात हे क्रमाचा घोळ म्हणून लाल शाईने अधोरेखित झालं असतं. गोष्ट सांगणाऱ्या म्हातारीच्या तोंडी मात्र हे अगदी बरोबर आहे. ते विसरले, असं ती म्हणते, आणि मग काय विसरले ते सांगायला मागे वळते. पीडांचा क्रमही 'निर्गम' पुस्तकासारखा नाही. बेडकांच्या आधी गोमाश्या येतात, अंधाराची पीडा गळूनच गेली आहे. तोंडी परंपरेत असंच होतं, आणि लेकरांना बेडूक राहिले की अंधाराची आठवण होत नाही.

मोशेचं नाव नाही! या स्तोत्राच्या लगेच आधीचं सत्त्याहत्तरावं मोशे-अहरोनाच्या नावावर संपतं, आणि मोशेच्या सगळ्या कर्तबगारीचं वर्णन असलेल्या या बहात्तर वचनांत तो कुठे दिसत नाही. समुद्र देवाने फाडला, मेंढरांसारखं देवाने नेलं. आख्यानातून नायक काढून घेतल्यावर उरतात ते दोघे. एक विसरणारे लोक, दुसरा न विसरणारा देव.

रानातल्या पाण्याचा भाग लातूरच्या मुलाला वेगळा लागणार. एप्रिल २०१६मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हाचं लेकरू आज कॉलेजात असेल. खडकातून नदीसारखं पाणी वाहिलं, हे त्याला चमत्कार म्हणून वेगळं समजावून द्यावं लागत नाही. पण त्यानंतरचं जे आहे, पाणी मिळाल्यावर लोक विचारतात की रानात पान वाढता येईल का, भाकर देईल का, मांस देईल का, तिथे हे लेकरू कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूने उभं राहील असा माझा अंदाज आहे. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला उद्याची काळजी हा अविश्वास वाटत नाही. आसाफ इथे कठोर आहे, आणि मला तो थोडा जास्त कठोर वाटतो. घास अजून तोंडात असतानाच कोप झाला, हे वर्णन काव्य म्हणून थरारक आहे, न्याय म्हणून पचायला जड.

ते जड जाणवतं न जाणवतं तोच अडतिसावं-एकोणचाळिसावं वचन येतं आणि मघाच्या गूढाचं टोक सापडतं. लोक मार बसला की देवाकडे वळत, तोंडाने गोड बोलत आणि मनाने दूर राहत, हे चौतिसाव्यापासून सदतिसाव्यापर्यंत आलेलं असतं. त्याच्यानंतर एवढंच की तो दयाळू होता, त्याने क्षमा केली, कोप आवरला, आणि आठवण ठेवली की ही माणसं मांसाची आहेत, एकदा गेला की परत न येणाऱ्या वाऱ्यासारखी. लोक विसरतात हे आधी अकराव्यात येऊन गेलं, बेचाळिसाव्यात पुन्हा येतं. मधे आठवणं दोनदा येतं: पस्तिसाव्यात लोकांचं, तेही तोंडापुरतं, आणि एकोणचाळिसाव्यात देवाचं. तालमूदमधल्या गणनेनुसार अडतिसावं वचन स्तोत्रसंहितेच्या अगदी मध्यावर पडतं. मोजणाऱ्यांचा हिशेब काही असो, हे वचन मध्यावर असावं असं वाटलेल्या लोकांना काव्य कळत होतं. आणि वारा परत येत नाही, म्हणूनच सांगणं घाईचं आहे, हे पूर्वरंगातल्या सगळ्या क्रियापदांमागचं कारण इथे येऊन कळतं.

शिलोविषयीच्या पाच वचनांवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो. देवाने शिलोचा तंबू सोडला, आपलं सामर्थ्य शत्रूच्या हाती दिलं, तरुण आगीत गेले, कुमारिकांच्या लग्नाची गाणी झाली नाहीत, याजक तलवारीने पडले, त्यांच्या विधवांनी आक्रोशही केला नाही. ज्याला शमुवेलाचं पहिलं पुस्तक माहीत आहे त्याला ही एलीच्या घरची कथा आहे हे कळतं. एली याजक, होफनी आणि फिनहास त्याचे मुलगे, वेदीवर हात मारणारे, बापाने बोललं पण आवरलं नाही. लढाईत कराराचा कोश गेला, मुलगे मेले, बातमीने बाप खाली कोसळून मेला, फिनहासाची बायको बाळंतपणात मेली. म्हणजे पुढच्या पिढीला सांगा असं बजावणाऱ्या स्तोत्रात अशा माणसाची कथा पुरलेली आहे ज्याला स्वतःच्या पोरांना सांगणं जमलं नाही. त्याच मंदिरात हन्नेचं लेकरू शमुवेल वाढत होतं आणि ते ऐकत होतं, त्याला आसाफ जागा देत नाही. एलीचं नावही घेत नाही. लपवणार नाही म्हणणाऱ्याने इथे नाव झाकलं आहे, आणि हा संकोच मला त्याच्या प्रतिज्ञेइतकाच खरा वाटतो.

न लपवण्याची किंमत मराठवाड्यात कागदावरही मोजावी लागते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांचा, १९९०मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. दहावी-बारावीनंतर जातीच्या दाखल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही अशा लातूरसारख्या शिकवणी-शहरात काही घरांत चर्चमधलं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं असतं. त्या घरातलं लेकरू चौथं वचन पाठ करतं तेव्हा लपवणं हे क्रियापद त्याच्या वाट्याला वेगळ्या वजनाने येतं. पाळकांनी यावर प्रवचन द्यावं असं मी म्हणणार नाही. आधी घरातल्या मोठ्यांनी त्याला सांगावं की आपण असं का केलं. तेही आठव्या वचनातच बसतं.

पाठांतराविषयी इथे एक आडवाट. 'लातूर पॅटर्न' म्हणतात त्या अभ्यासपद्धतीच्या परिसरात पाठ करणं, सराव करणं, पुन्हा परीक्षा देणं हा लेकरांचा श्वास झाला आहे, त्यामुळे शब्बाथ शाळेतलं 'सोनेरी वचन' पाठ करायला त्यांना वेळ लागत नाही. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात मुलांच्या मनावर बिंबवा असं म्हटलं आहे ते बरोबर. आसाफ मात्र पाठ करा असं कुठेच म्हणत नाही, तो सांगा म्हणतो, आणि सांगणं पुन्हा रचावं लागतं, दर वेळी थोडं वेगळं. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची तर ग्रंथाविषयी स्वतःची धारणा आहे. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे गुरुगादी ग्रंथाकडे सोपवली, तिचा तीनशेवा सोहळा २००८मध्ये झाला. त्या शहरातल्या ख्रिस्ती मुलाला ग्रंथापुढे माथा टेकवण्याचा अर्थ शेजारी पाहून कळतो. आसाफाचं मागणं त्याहून जास्त घरगुती आहे, त्याला उठून बोलणारी माणसं हवी आहेत.

शेवट मात्र मला सरस वाटत नाही. योसेफाचा तंबू नाकारला, एफ्राईमाला निवडलं नाही, यहूदाला निवडलं, सियोन निवडलं: हे उत्तरेकडच्या भावकीला दक्षिणेकडच्याने दिलेलं उत्तर आहे, आणि राजवाड्यात गायला ठीक आहे. इतका वेळ सगळ्या वडिलांना दोष देणारा कवी इथे अर्ध्या भावांना दोषातून सोडवतो. त्यातून हा शेवट वाचतो तो दाविदामुळे. आख्यानात व्यक्ती म्हणून तो एकटाच, आणि तोही गादीवर नाही, दुभत्या मेंढ्यांमागे चालताना भेटतो, प्रामाणिक मनाने आणि कसलेल्या हातांनी कळप राखणारा. मराठवाड्यात धनगरांचे वाडे आजही रानात पडतात, लेकरांना हे चित्र समजावून द्यायला पुस्तक लागत नाही.

मग कडक वचनं लेकरांपुढे वाचावीत का, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. मिसरातल्या पहिल्या मुलांच्या मृत्यूचं वचन काही आज्ज्या गाळतात, आणि त्यांना दोष देववत नाही. शिलोचं मात्र गाळू नये. आणि स्तोत्र बहात्तराव्यावर मिटवून बायबल बंद करू नये. पान उलटलं की एकोणऐंशीवं येतं, तेही आसाफाच्याच नावावर, आणि त्याच्या पहिल्याच वचनात परक्यांनी मंदिर विटाळलं आहे, यरुशलेम ढिगारा झालं आहे. मघाशी निवडलेलं सियोन उद्ध्वस्त! आठव्यात प्रार्थना आहे की पूर्वजांच्या पापांची आठवण आमच्यावर काढू नकोस, आणि तेराव्यात, शेवटी, सगळ्या राखेनंतर, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुझी स्तुती सांगत राहू हे वचन पुन्हा दिलेलं आहे. दोन्ही स्तोत्रं लागोपाठ दोन रात्री वाचली तर दोन्हींचा अर्थ लागतो. एकोणऐंशीव्याची वचनं तेराच, ती झोपेआधी होतात.